दाजींचं वाया गेलेलं मत

माझ्या दाजींनी अमेरिकेत निवडून येणाऱ्या उमेदवाराला आजवर कधी मत दिलेलं नाही, आणि त्याच्याशी लढून पडणाऱ्यालाही नाही. त्यांचं मत नेहमी तिसऱ्याला. हा तिसरा दर चार वर्षांनी बदलतो. त्याचं नाव मला मतदानाच्या आदल्या आठवड्यात पाठ होतं आणि पुढच्या आठवड्यात मी विसरते. दाजी विसरत नाहीत. मागच्या सगळ्या निवडणुकांतले तिसरे, चौथे आणि पाचवे त्यांना तोंडपाठ आहेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही मूळच्या सांगलीकडच्या, म्हणून दाजी. ताई आणि ते मिशिगनमध्ये, मी कॅनडात मार्कहॅममध्ये, मधे एक पूल आणि चार-पाच तासांचा हायवे. माझे यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तो हायवे त्या दोघांनी जितका तुडवला, तितका माझ्या सख्ख्या दिरानं इथल्याच कनाटा गावाहून इकडे यायचा रस्ता तुडवलेला नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बरं, थोडी तक्रार आहे.

मी कॅनडात मत देते, त्यामुळे दाजींचं हे खूळ मला सुरुवातीला कळायचंच नाही. आमच्या मतपत्रिकेवर चार-पाच पक्ष असतात. पेन्सिलनं फुली मारायची आणि घरी यायचं. तिसऱ्या पक्षाची माणसं निवडून येतात, पार्लमेंटात बसतात, कधी कधी तर अल्पमतातलं सरकार त्यांच्याच टेकूवर उभं असतं आणि ते त्याची बरोबर किंमत वसूल करतात. अमेरिकेत तसं नाही, हे मला दाजींनी समजावलं. मिशिगनमध्ये ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात अख्खं राज्य. दुसऱ्यालाच काही मिळत नाही, तर तिसऱ्याला काय मिळणार? टीव्हीवरच्या वादात त्याला उभं करत नाहीत. मतपत्रिकेवर नुसतं नाव छापून यायचं, तरी नव्या पक्षाला मतदारांच्या ढीगभर सह्या गोळा करून द्याव्या लागतात.

त्या सह्या गोळा करायला दाजी शनिवारी सकाळी क्लिपबोर्ड घेऊन भाजीबाजाराबाहेर उभे राहायचे. एकदा त्यांना वाटलं, परक्यांच्या हातापाया पडण्यापेक्षा आपल्या लोकांना विचारावं. म्हणून ते मराठी मंडळाच्या पिकनिकला क्लिपबोर्ड घेऊन गेले. पाऊण तासात कागद भरला. दाजी हरखले. घरी येऊन पाहतात तर अर्धे लोक व्हिसावर, काही ग्रीन कार्डवाले, म्हणजे मतदारच नाहीत. मतदार होते त्यांनी आडनाव आधी, मग स्वतःचं, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं अशा आपल्या शाळेतल्या क्रमानं नावं लिहिलेली, ती यादीशी जुळेनात. आणि एका काकूंनी नावापुढे 'दहीवडे, चाळीस' असं लिहिलं होतं. दाजींनी पुढे केलेल्या कागदावर सही करायला नाही कसं म्हणायचं, या भिडेपोटी सगळ्यांनी पेन हातात घेतलं होतं, वाचलं कुणीच नव्हतं. दाजींनी मुकाट्यानं एकेक नाव खोडलं. दहीवडे मात्र पुढच्या पिकनिकला आले.

ताईला या सगळ्याचा मनस्वी राग. ताई पहिल्यापासून दोन मोठ्या पक्षांपैकी एकाची. कोणत्या, ते मी सांगणार नाही, कारण त्यावरून आमच्या नात्यातली आणखी दोन घरं फुटतील. ती फोन करते, पत्रकं वाटते, निकालाच्या दिवशी उपास धरते. तिचं म्हणणं सरळ असतं. "गावाकडे अपक्ष उभे राहायचे ना शिट्टी घेऊन, कपबशी घेऊन, ते कशाला उभे राहायचे? मतं खायला! डिपॉझिट जप्त, आणि जाता जाता भल्या माणसाला पाडून जायचे. हे त्यातलेच."

दाजींचं उत्तरही ठरलेलं. "अगं, एका पक्षाची निशाणी गाढव, दुसऱ्याची हत्ती. गाढवावर बसणार का हत्तीवर, एवढंच विचारतात हे लोक. मला चालत जायचं असेल तर?" मग गंभीर होऊन ते मला इतिहास सांगणार, कारण ताई उठून गेलेली असते. बायकांना मत, आठ तासांची पाळी, लहान पोरांना कारखान्यात न जुंपणं, या गोष्टी तिथल्या छोट्या पक्षांनी मोठे पक्ष हसत होते तेव्हा लावून धरल्या आणि पुढे मोठ्यांनी आपल्या म्हणून उचलल्या. "आमचा माणूस पडतो गं," दाजी म्हणायचे, "पण मुद्दा चोरीला जातो. चोरी झाली की समजायचं, माल चांगला होता." मला हे पटायचं. पण ताईसमोर पटलंय असं म्हणायची माझी छाती नव्हती.

गेल्या निवडणुकीत मात्र गंमत संपली. मिशिगनमध्ये मतपत्रिका टपालानं घरी मागवता येते. दोघांच्या आल्या. रविवारी सकाळी दोघं डायनिंग टेबलाशी शेजारी शेजारी बसून काळ्या पेनानं गोल भरत होती. ताई चहा आणायला उठली आणि परत येताना तिनं दाजींच्या खांद्यावरून पाहिलं. भरलेला गोल तिसरा होता. या वेळी तरी, राज्य इतकं अटीतटीचं असताना तरी, हा माणूस शहाण्यासारखा वागेल असं तिनं धरून ठेवलं होतं.

"खोडा," ताई म्हणाली.

"खोडलं तर मत बाद होईल."

"बाद झालेलं परवडलं!"

दाजींनी पाकीट चिकटवलं. पुढे निकाल लागला. ताईचा पक्ष तिथे हरला, तोही थोडक्यात, आणि ताईनं दाजींशी बोलणं टाकलं. मी फोनवर समजूत घालायला गेले. म्हटलं, अगं एका मतानं का राज्य गेलं? तर म्हणाली, "असे किती जण आपापल्या डायनिंग टेबलावर बसले असतील, मोज की!" मी फोन कानाला लावूनच पोळ्या लाटायला घेतल्या.

आता इथे माझी पंचाईत सुरू होते. माझ्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या बऱ्या मुहूर्तावर ठरलं होतं, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला जोडून, म्हणजे तिकडच्यांना येता येईल. मुलगा ओकव्हिलचा, घर चांगलं. माझे यजमान नाहीत, त्यामुळे कन्यादानाला ताई आणि दाजी बसणार, हे मे महिन्यातच ठरलं होतं. ते मीच ठरवलं होतं. मला दुसरं कुणी डोळ्यांसमोर येतच नव्हतं.

दोघं लग्नाआधी आठ दिवस आली. एकाच गाडीतून, साडेचार तास, एक शब्द न बोलता. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यानं "कुठे निघालात?" विचारलं तेव्हा म्हणे दोघांनीही एकाच वेळी, वेगवेगळ्या खिडकीकडे पाहत उत्तर दिलं. त्याला संशय येऊन त्यानं डिकी उघडायला लावली आणि चार डबे अनारसे तपासले.

माझ्या घरात आल्यावर त्यांचा सगळा कारभार माझ्यामार्फत सुरू झाला. टेबलावर समोरासमोर बसायचं आणि ताई मला म्हणणार, "त्यांना विचार, आणखी पोळी हवी का." मी दाजींकडे पाहायचं. दाजी म्हणणार, "अर्धी चालेल म्हणावं." मग ताई अर्धी पोळी माझ्या ताटात ठेवणार, आणि मी ती दाजींच्या ताटात. एके दिवशी सकाळी बर्फ पडला. ताई खिडकीतून बघत म्हणाली, "सांग त्यांना, ड्राइव्हवे शोव्हल करायला जाऊ नका, पाठ धरेल." दाजी कोट चढवत म्हणाले, "सांग तिला, पाठ माझी आहे." मुलगी कॉफीचा मग घेऊन जिन्यात बसून हे पाहायची. "आई, दे आर लाइक टीनएजर्स," ती म्हणायची. "जस्ट टेल देम टू स्टॉप."

मी हसत होते, पण एक डोळा कॅलेंडरवर होता. कारण गुरुजींची यादी आली होती. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत आणि शनिवार-रविवार लग्नं लावतात. त्यांच्या याद्या एक्सेलमध्ये असतात. व्हिडिओ कॉलवर त्यांनी एकेक ओळ वाचली. हळकुंडं, अक्षता, पाट, अंतरपाट. मग म्हणाले, "कन्यादानाला जोडी बसेल. विधी चालू असेपर्यंत काकूंनी काकांच्या हाताला हात लावून ठेवायचा."

कॅमेऱ्याच्या बाहेर बसलेली ताई मला म्हणाली, "मी बसेन. हात लावणार नाही."

गुरुजींना ऐकू गेलं. ते बँकेतल्या अनुभवानं शांत राहिले. "मग प्लॅन बी काय? मुलीचे काका-काकू आहेत ना?" म्हणजे माझे कनाटाचे दीर आणि जाऊ. वर्षातून एकदा दिवाळीला फोन करणारे, यजमानांच्या दिवसांना तेराव्याला यायच्याऐवजी चौदाव्याला पोचलेले. गुरुजी म्हणाले, "दोनपैकी एक जोडी उद्या संध्याकाळपर्यंत फायनल करा. मला शीट अपडेट करायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बेसमेंटमध्ये बसून पाहुण्यांना द्यायच्या लाडवांच्या पिशव्या बांधत होतो. ताई लाडू भरत होती, मी पिशवी धरत होते, दाजी रिबिनीच्या गाठी मारत होते. बोलणं माझ्यामार्फत. मी रात्रभर दोन्ही जोड्या मनात उभ्या करून पाहिल्या होत्या. एक जोडी हाताला हात लावणार नाही. दुसरीनं हात लावला तरी मला तो पाहवणार नाही. त्यातल्या त्यात कमी वाईट कोणती, हे ठरवता ठरवता माझं डोकं उठलं होतं आणि लाडू फुटत होते.

"दीर-जावांनाच सांगते," मी शेवटी म्हणाले. "निदान ती एकमेकांशी बोलतात."

दाजींनी हातातली रिबीन खाली ठेवली. "ती येतील, बसतील, सगळं होईल, ते मला कळलं," ते म्हणाले. "ते बाजूला ठेव. मला सांग, तुझ्या मनात कोण आहे? चालेल कोण, ते नाही विचारत मी. तुला कोण बसायला हवंय?"

माझ्या तोंडून शब्द बाहेर पडला तेव्हा मीच दचकले.

"मी."

ताईचा हात डब्यातच थांबला.

"मला बसायचंय," मी म्हणाले, आणि एकदा सुरू झाले ते थांबेचना. कॉलेजच्या प्रवेशाच्या चकरा मी एकटीनं मारल्या, तिचं लायसन्स मी मिळवून दिलं, बापाला पोचवून आल्यावर तिला बारावीच्या परीक्षेला मी बसवलं, आणि आता लग्नात मी कुठे असणार? मागच्या खुर्चीत, चांगली साडी नेसून. मला राग आला होता, आणि सहा महिने तो आलेला मला कळलाच नव्हता. मी रडत होते आणि ओरडत होते. वरून मुलीनं विचारलं, "एव्हरीथिंग ओके?"

ताई हळू आवाजात म्हणाली, "अगं, पण तसं चालत नाही. गुरुजी तयार होणार नाहीत. ऐन वेळी हट्ट धरलास आणि त्यांनी नाही म्हटलं, तर हीही जोडी गेली आणि तीही गेली. मग काय करशील?" हे बोलता बोलता ती थांबली. हेच वाक्य तिनं दर चार वर्षांनी दुसऱ्या कुणाला तरी ऐकवलं होतं, हे बहुधा तिच्या लक्षात आलं. त्या क्षणी दाजी विजयानं हसले असते तर मी त्यांना लाडू फेकून मारला असता. ते हसले नाहीत. ते फक्त म्हणाले, "विचारायला काय जातं?"

मी फोन लावला, स्पीकरवर. गुरुजी म्हणाले, "काकू, असं मी आजवर केलेलं नाही."

"बायको नसलेल्या पुरुषाला तुम्ही बसवता की नाही?" मी विचारलं.

"बसवतो. कमरेला सुपारी लावून. बायकोच्या जागी."

"मग मला लावा सुपारी."

"अहो, पण बाईमाणसानं एकट्यानं..."

इतकं होईतो ताईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. लाडवाचं तूप लागलेल्या हातानंच. "गुरुजी, मी हिची मोठी बहीण बोलतेय. ज्या जोडीच्या जिवावर तुमची एक्सेल शीट उभी आहे ना, ती जोडी बसणार नाही. दुसरीला आम्ही बोलावणार नाही. आता उरली ही. तुम्ही आजवर केलं नाही म्हणता, पण करू नये असं कुठे लिहिलंय ते दाखवा." ताईनं इकडे तिकडे पाहिलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा दाजींकडे थेट वळून ओरडली, "अहो, बघताय काय नुसते? बोला ना काहीतरी! एरवी तर भाजीबाजारात उभं राहून जगाला पटवत असता!"

दाजी फोनजवळ सरकले. पटवण्याचा त्यांचा अनुभव दांडगा, यश मात्र बेताचं. ते म्हणाले, "गुरुजी, आम्ही तुम्हाला घाई करत नाही. तुम्हाला योग्य वाटत असेल तरच करा. पण ही मुलगी हिनं वाढवलीय. ते तुम्ही पाहिलंय."

गुरुजींनी आमच्या यजमानांचे दिवसही केले होते. खरंच पाहिलं होतं त्यांनी. थोड्या वेळानं फोनमधून कीबोर्डचा आवाज आला. "शीट अपडेट करतो," ते म्हणाले. "नऊवारी नेसणार असाल तर सुपारी नीट खोचता येईल."

फोन ठेवल्यावर ताईला आठवलं की तिचा अबोला मोडलाय. ती घाईघाईनं पुन्हा लाडू भरायला लागली. "मी अजून माफ केलेलं नाही," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते स्पष्ट नव्हतं.

"मीही माफी मागितलेली नाही," दाजी म्हणाले, आणि त्यांनी गाठ मारली. त्या दोघांना एकमेकांशी भांडताना पाहून मला इतकं बरं वाटलं की मी आणखी थोडं रडून घेतलं. मतावरचं त्यांचं भांडण आजही सुरू आहे. ताई म्हणते, राज्यकारभार म्हणजे लग्नाचा पाट नव्हे, तिथं चुकलं की माणसं भोगतात. दाजी म्हणतात, म्हणूनच तर. दोघांचंही मला खरं वाटतं. कॅनडात राहून एवढी चैन मी करू शकते.

लग्नाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. दीर-जाऊ आले, पहिल्या रांगेत बसले, आणि त्यांना कुणी पाटावर बोलावलं नाही म्हणून दोघांना थोडं हायसंच वाटलेलं दिसलं. मी पाटावर बसले. कमरेला सुपारी बोचत होती. विधीत पाण्याची धार धरायला दुसरं माणूस लागतं. ते काम कुणाचं हे विचारायची वेळच आली नाही. ताई पळी घेऊन आधीच माझ्या उजव्या अंगाला येऊन बसली होती, आणि दाजी तिच्यामागे तांब्या धरून वाकले होते. धार माझ्या ओंजळीत, तिथून मुलीच्या हातावर, तिथून जावयाच्या. मुलीनं माझी बोटं घट्ट धरली.

संकल्पाची वेळ आली. माझ्या लग्नापासून मी कितीतरी पूजांना बसले असेन. प्रत्येक वेळी गुरुजी यजमानांचं गोत्र विचारायचे, यजमानांचं नाव विचारायचे, आणि मी 'सपत्नीक' या एका शब्दात असायचे. गुरुजींनी सवयीनं तोंड उघडलं, मग थांबले. त्यांनी आपल्या कॉलरचा माईक काढला आणि माझ्यासमोर धरला.

"दान कोण करतंय?" त्यांनी विचारलं. "नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं, मोठ्यानं. ते मागच्या भिंतीपर्यंत गेलं.